सोळा पुरे

उद्यमबागेत दुसऱ्या पाळीचा भोंगा होतो
तेव्हा मी इराप्पाच्या दुकानात उकिडवा,
हातात फाउंड्रीतून आणलेला व्हर्नियर,
पुढ्यात चार सतरा इंची अलॉय:
काळे, पाच दुहेरी आऱ्यांचे,
ट्यूबलाइट पडली की ओतीव रसासारखे हलणारे.

गाडी बाहेर उभी. लाल. के-ए बावीस.
अंगानं लहान, पण टर्बो जागा झाला
की मान मागं टेकवणारी.
कंपनीची चाकं तिच्या पायात
धाकट्या भावाच्या चपलांसारखी.

इराप्पा उजळणी घेतो.
एकशे पंच्याऐंशी ही रुंदी.
साठ ही उंची, रुंदीच्या टक्क्यांत.
पंधरा, रिम.
कन्नडात वाच, मराठीत वाच,
टायर पाटी बदलत नाही.
"सतरावर जायचं तर उंची चाळीस.
म्हणजे रबर एवढंच," तो चार बोटं आडवी धरतो,
"आणि जांबोटीचा रस्ता तुला म्हाईत."

मला माहीत आहे.
तिथंच सावियोची रिम भाकरीच्या कडेसारखी दुमडली,
स्टेपनीत हवा नव्हती,
खानापूरहून गाडी येईपर्यंत रात्रीचे दोन.
तो अजून म्हणतो, दिसत मात्र छान होती.

मग ऑफसेट.
चाकाच्या मधोमध एक रेघ असते, कुणाला न दिसणारी.
हबला टेकणारा भाग तिच्यापासून
बाहेरच्या अंगाला किती, तो हा आकडा.
अडतीस असला तर चाक आपल्या घरात राहतं.
पंचवीस केला की फेंडरबाहेर डोकावतं,
खड्ड्यात पत्र्याला दात लावतं.
रेघेवरून आमच्याकडं किती भाषणं झाली.
इराप्पा एवढंच म्हणतो,
"तेरा मिलिमीटर. आणि सगळं घासतंय."

शेजारच्या बटाट्याच्या वखारीतून काटा येतो.
सतराचं एक चाक: दहा किलो चारशे.
माझं जुनं: आठ सहाशे.
मी वखारवाल्याकडं बघतो,
जणू त्यानं माती मिसळली.
इराप्पा आत जातो, पोत्याखालून एक काढतो,
कोल्हापूरहून आलेलं, वापरलेलं, राखाडी,
एका आऱ्यावर ओरखडा.
सात नऊशे.
"हदिनारु साक्," म्हणतो. सोळा पुरे.
एकशे पंच्याण्णव, पन्नास, सोळा.

आता भोक मोठं. चाकाचं त्र्याहत्तर पूर्णांक एक,
हबचं सत्तावन्न पूर्णांक एक.
मधल्या पोकळीत थरथर राहते.
भरमा मुतगेकर लेथवर चार कड्या काढतो,
ॲल्युमिनियमच्या, सुट्टी झाल्यावर,
सायबाची पाठ फिरली की.
कडी हबवर बसताना
डबीचं झाकण लागावं तसा आवाज.
पैसे घेत नाही. "एकदा हायवेला ने," म्हणतो,
"थरथरतीय का बघूया."

काकतीच्या पुढं मी नव्वद करतो, मग शंभर.
भरमा डोळे मिटून डॅशबोर्डवर तळवा ठेवतो,
मशीन ऐकतो तसा.
हत्तरगीपर्यंत बोलत नाही.
हात काढतो. "चालतंय की."
मग खिसे चाचपून बिडी शोधतो
आणि माझ्याकडं बघून परत ठेवतो.

रात्री मी हिशेब केला.
जुन्या टायरचा व्यास सहाशे तीन, नव्याचा सहाशे एक आणि थोडं.
फरक नखाएवढा.
पण कोल्हापूरला पोचेपर्यंत मीटर
जवळजवळ तीनशे मीटर जास्त दाखवणार,
जे रस्त्यावर कुठंच नाहीत.
कोगनोळीच्या अलीकडं धरायचे की पलीकडं,
इराप्पाला विचारलं.
तो टायरमध्ये हवा भरत होता.
म्हणाला, बत्तीस ठेवतो. पुढं तूच बघ.